इ. स. १८४७ चा उपवासकाल : आयर्लंडमधील दुष्काळ, प्रार्थना व अन्नदान

१. विषयप्रवेश

ख्रिस्ती वर्षपत्रिकेंत ईस्टरच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणापूर्वीं, सुमारें चाळीस दिवसांचा एक व्रतकाल येतो. मराठी ख्रिस्ती लोक त्यास उपवासकाल किंवा प्रायश्चित्तकाल म्हणतात. राखेच्या बुधवारीं भाळीं राख लावून त्याचा आरंभ होतो. आणि प्रार्थना, उपवास व दानधर्म हीं त्याचीं तीन अंगें मानिलीं आहेत. एकादशी, चातुर्मास इत्यादि व्रतांशीं ज्यांचा परिचय आहे त्या आमच्या वाचकांस या व्रताची कल्पना करणें कठीण नाहीं. व्रताच्या उद्यापनांत अन्नदान आपल्याकडेही सांगितलें आहे. आणि उपवासाच्या दिवशीं नेहमींच्या जेवणाहून महाग फराळ करणारे लोकही आपल्याकडे आहेत!

व्रतस्थानें सोडलेला घांस भुकेलेल्याच्या मुखीं पडतो कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत काय मिळतें, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या व्रताचा सर्व इतिहास एका लेखांत येणें अशक्य. म्हणून आरंभीं थोडी पूर्वपीठिका देऊन पुढें इ. स. १८४७ चा एकच उपवासकाल तारीखवार तपासण्याचें योजिलें आहे. या वर्षीं आयर्लंडचा महादुष्काळ भर रंगांत होता. सरकारी आज्ञेनें प्रार्थनेचा दिवस पाळला गेला. आणि त्याच आठवड्यांत सरकारी आज्ञेनेंच उपाशी मजुरांस दुष्काळी कामांवरून कमी करण्यांत आलें. असा योग क्वचितच येतो, आणि म्हणून त्याचें परीक्षण बोधप्रद होईल.

२. व्रताचें मूळ स्वरूप

अलीकडे उपवासकालांत भूकनिवारणासाठीं निधि जमविण्याची जी चाल दिसते ती आधुनिक काळची कल्पना आहे, असें कांहीं लोक समजतात. तो समज टिकण्यासारखा नाहीं. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत रोम येथें रचिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथांत उपवासाची रीत स्पष्ट दिली आहे. उपवासाच्या दिवशीं भाकरी व पाणी यांवर राहावें, एरव्हीं जें खाल्लें असतें त्याची किंमत मोजावी, आणि ती रक्कम विधवा, अनाथ किंवा गरजवंत यांस द्यावी, असा तिचा सारांश आहे. त्याच शतकांतील अरिस्तीदिस या लेखकानें रोमन बादशहास उद्देशून लिहिलेल्या समर्थनपर निबंधांत सांगितलें आहे कीं, ख्रिस्ती मंडळींत कोणी दरिद्री असला आणि इतरांजवळ शिल्लक नसली, तर ते स्वतः दोन तीन दिवस उपास काढून त्यास अन्न पुरवितात. चाळीस दिवसांच्या व्रतकालाचा उल्लेख इ. स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेच्या पांचव्या नियमांत येतो. म्हणजे उपवास व अन्नदान यांचें नातें या चाळीस दिवसांहूनही जुनें आहे.

इ. स. ३६८-६९ च्या सुमारास आशियामायनरमधील कप्पदोकिया प्रांतांत अवर्षणानें दुष्काळ पडला. सिझेरिया येथील धर्मोपदेशक बेसिल यानें धनिकांच्या कोठारांचीं द्वारें आपल्या उपदेशानें उघडविलीं आणि स्वतः भुकेलेल्यांस एकत्र करून कढणाच्या मोठ्या भांड्यांतून अन्न वाटलें, असें त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यानें नमूद केलें आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें लुटविलीं ही आपली परंपरा येथें सहजच आठवते. पुढें पांचव्या शतकांत पोप पहिला लिओ (इ. स. ४४०-४६१) यानें उपवासकालीं दिलेलीं जीं प्रवचनें उपलब्ध आहेत, त्यांतही व्रतस्थानें आपणास नाकारलेलें अन्न गरिबाचें झालें पाहिजे, हाच विचार पुनःपुन्हां आढळतो. सारांश, मूळ विधींत उपवास हा अन्नदानाचा उगम होता.

३. व्रताचें उत्पन्न कोठें गेलें

तथापि विधि आणि व्यवहार यांत अंतर पडावयास वेळ लागत नाहीं. मध्ययुगांत उपवासकालीं मांस, अंडीं, दूध व लोणी वर्ज्य असत. उत्तर युरोपांत जेथें तेल महाग व दुर्मिळ, तेथें लोण्यावांचून चालणें कठीण. म्हणून द्रव्य देऊन सवलत घेण्याची पद्धति पडली. फ्रान्समधील रूआं शहराच्या महामंदिराचा एक मनोरा ‘लोण्याचा मनोरा’ या नांवानें प्रसिद्ध आहे. इ. स. १४८५ मध्यें आरंभ होऊन सोळाव्या शतकाच्या प्रारंभीं तो पुरा झाला, आणि उपवासकालीं लोणी खाण्याच्या सवलतीच्या पैशांतून त्याचा खर्च भागला, अशी त्या नांवाची उपपत्ति दिली जाते. स्पेनमध्यें अशाच सवलतींचें द्रव्य ‘क्रूसयुद्धाचें आज्ञापत्र’ या सदराखालीं राजाच्या खजिन्यांत जात असे. लूथरनें इ. स. १५२० मध्यें लोण्याच्या या सवलतींवर कडक टीका केली, ती निराधार नव्हती.

धर्मसुधारणेनंतर इंग्लंडांत निराळाच प्रकार झाला. इ. स. १५४९ व १५६३ च्या कायद्यांनीं मांसवर्ज्य दिवस कायम ठेविले, पण त्यांचें कारण कोळ्यांचा धंदा चालावा व आरमारास खलाशी मिळावे असें दिलें. राणी एलिझाबेथच्या कारकीर्दींतील दुसऱ्या कायद्यानें तर बुधवार हा आणखी एक मासळीचा दिवस नेमला. येथें उपवास राहिला, पण उपाशी मनुष्याचा त्याच्याशीं असलेला संबंध सुटला. ही पूर्वपीठिका ध्यानांत ठेवून आतां मुख्य विषयाकडे वळूं.

४. आयर्लंडची स्थिति

इ. स. १८४१ च्या खानेसुमारींत आयर्लंडची लोकसंख्या ८१,७५,१२४ होती. तींतील फार मोठा गरीब वर्ग बटाट्यावरच जगत असे. इ. स. १८४५ च्या सप्टेंबरांत बटाट्याच्या पिकावर बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळें होणारा एक रोग पडला आणि पिकाचा मोठा भाग नासला. १८४६ सालीं तर जवळजवळ सर्व पीक गेलें. पंतप्रधान सर रॉबर्ट पील यानें १८४५ च्या नोव्हेंबरांत १,००,००० पौंडांचा मका अमेरिकेहून गुप्तपणें खरेदी करून पहिल्या वर्षीं कांहीं अंशीं निभावून नेलें. १८४६ च्या जूनअखेर त्याचें मंत्रिमंडळ जाऊन लॉर्ड जॉन रसेल अधिकारारूढ झाला. सरकारनें धान्याच्या व्यापारांत हात घालूं नये व फुकट अन्न देऊं नये, हें नव्या धोरणाचें सूत्र होतें. आणि खजिन्याचा सहायक सचिव चार्ल्स ट्रेव्हेलियन हा त्याचा प्रमुख अंमलदार होता. या गृहस्थाचें नांव पुढें हिंदुस्थानच्या संबंधांतही येणार आहे.

या धोरणानुसार उपाशी लोकांस रस्ते करणें, खडी फोडणें अशा कामांवर लावून मजुरी देण्यांत येऊं लागली. १८४६-४७ चा हिवाळा अत्यंत कडक होता. अंगावर पुरते वस्त्र नसलेले स्त्रीपुरुष बर्फांत खडी फोडीत. मजुरी उशिरा मिळे, आणि मिळाली तरी वाढलेल्या भावानें तींत कुटुंबाचें पोट भरत नसे. तशांत देशांतील धान्य परदेशीं जाणेंही थांबलें नव्हतें. मक्याचे मोठे साठे बाहेरून येऊं लागले ते १८४७ च्या वसंत ऋतूंत. तोंपर्यंत उपासमार व तिच्या पाठोपाठ तापाची सांथ यांनीं हजारों लोक बळी घेतले होते.

५. उपवासकालाची शकावली

त्या वर्षींचा घटनाक्रम तारीखवार मांडला असतां पुढीलप्रमाणें दिसतो.

१३ जानेवारी : आयर्लंड व स्कॉटलंड येथील दुष्काळग्रस्तांसाठीं प्रार्थनामंदिरांतून वर्गणी जमवावी असें राणी व्हिक्टोरियाचें पत्र निघालें.
१७ फेब्रुवारी : राखेचा बुधवार, उपवासकालास आरंभ.
२६ फेब्रुवारी : कढणगृहांचा कायदा मंजूर. मजुरीची अट न घालतां शिजविलेलें अन्न देण्याचें सरकारनें मान्य केलें.
मार्चचा पहिला आठवडा : दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ७ लक्षांवर गेली.
२० मार्च : या मजुरांपैकीं शेंकडा २० कमी करण्याची आज्ञा अंमलांत आली.
२३ मार्च : उत्तर अमेरिकेंतील चॉक्टॉ जमातीच्या सभेंत आयर्लंडसाठीं वर्गणी.
२४ मार्च, बुधवार : राजाज्ञेनें उपवास व प्रार्थनेचा राष्ट्रीय दिवस.
२५ मार्च : पोप नववा पायस याचें सर्व बिशपांस पत्र, आयर्लंडसाठीं तीन दिवस प्रार्थना करावी व दान जमवावें असा आदेश.
२८ मार्च : झावळ्यांचा रविवार, धान्य भरलेलें ‘जेम्सटाउन’ हें अमेरिकन लढाऊ जहाज बॉस्टनहून निघालें.
४ एप्रिल : ईस्टर.
५ एप्रिल : लंडनचा प्रसिद्ध आचारी अलेक्सिस स्वायेर याचें नमुन्याचें कढणगृह डब्लिन येथें उघडलें.
१२ एप्रिल : ‘जेम्सटाउन’ सुमारें ८०० टन अन्नसामग्री घेऊन कॉर्क बंदरांत पोंचलें.

६. २४ मार्चचें परीक्षण

राष्ट्रीय उपवासदिनाची आज्ञा ही इंग्लंडांत नवी गोष्ट नव्हती. १८३२ सालीं पटकीच्या सांथीच्या वेळीं २१ मार्च हा दिवस असाच पाळला गेला होता, आणि तेव्हां लंडनच्या कामगारांनीं त्याचा उघड उपहास करून मिरवणूक काढली होती. ज्यांस रोजच उपास घडतो त्यांस उपासाची आज्ञा कशास, हा त्यांच्या उपहासाचा आशय होता. १८४७ च्या प्रार्थनेंत दुष्काळ हा राष्ट्राच्या पापांबद्दल ईश्वरानें दिलेला दंड आहे अशी भूमिका होती. मात्र पाप कोणतें, याविषयीं एकमत नव्हतें. कित्येक कडव्या प्रॉटेस्टंट उपदेशकांनीं १८४५ सालीं मेनूथ येथील कॅथलिक विद्यालयास सरकारनें अनुदान वाढवून दिलें तेंच हें पाप, असें प्रतिपादन केलें.

आतां २० व २४ या दोन तारखा शेजारीं ठेवून पाहाव्या. ७ लक्ष मजुरांचे शेंकडा २० म्हणजे १,४०,००० माणसें. आणि प्रत्येकामागें घरचीं चार पांच तोंडें. त्यांनीं कढणगृहांत जावें असा सरकारचा हिशेब होता. परंतु कायदा मंजूर होऊन महिना लोटला तरी बहुतेक ठिकाणीं समित्या बनावयाच्या होत्या, कढया यावयाच्या होत्या. मेच्या मध्यापर्यंतही सर्व विभागांत अन्नवाटप सुरू झालें नव्हतें. म्हणजे मजुरी गेली आणि कढण आलें नाहीं, अशा मधल्या आठवड्यांत ही राष्ट्रीय प्रार्थना झाली. मंत्रिमंडळ दुष्ट होतें असें म्हणण्याचें कारण नाहीं. कामांची पद्धति फसली आहे हें त्याच्या ध्यानांत आलें होतें, व कढणगृहांचा विचार मुळांत योग्यच होता. दोष क्रमांत होता. नवी चूल पेटण्यापूर्वींच जुनी विझविली गेली.

कढणगृहें चालू झाल्यावर काय झालें हेंही नमूद केलें पाहिजे. १८४७ च्या जुलैंत एका दिवसांत ३० लक्षांहून अधिक लोकांस अन्न मिळूं लागलें. ज्या शासनानें फुकट अन्न देणें अशक्य व अनिष्ट ठरविलें होतें, त्यानेंच पांच महिन्यांच्या आंत दर तीन मनुष्यांत एकाहून अधिकास तें देऊन दाखविलें. दुष्काळी कामांवर सुमारें ४८ लक्ष पौंड खर्चून लोक मरत राहिले. कढणगृहांवर सुमारें १७ लक्ष पौंडच खर्च आला, व त्या काळांत उपासमारीचें मान पुष्कळ कमी झालें. असें असतां सप्टेंबरअखेर तीं बंद करण्यांत आलीं आणि सर्व भार स्थानिक दरिद्रीसाहाय्याच्या करावर टाकण्यांत आला. दुष्काळ मात्र पुढें आणखी कांहीं वर्षें चालला. सर्व मिळून सुमारें १० लक्ष माणसें मेलीं, तितकींच किंवा त्यांहून अधिक देश सोडून गेलीं, आणि १८५१ सालीं लोकसंख्या ६५,५२,३८५ भरली.

७. अन्न कोणीं दिलें

प्रार्थनेच्या बरोबर जें दान झालें तें थोडें नव्हतें, व त्यास कमी लेखणें हा इतिहासाचा विपर्यास होईल. राणीच्या जानेवारींतील पत्राप्रमाणें प्रार्थनामंदिरांतून सुमारें १,७०,००० पौंड जमले. आयर्लंडमध्यें राणीनें केवळ ५ पौंड दिले अशी दंतकथा प्रचलित आहे, ती खोटी आहे. तिची देणगी २,००० पौंडांची होती. प्रार्थनामंदिरांतील हा निधि ‘ब्रिटिश साहाय्य मंडळा’च्या हातीं गेला. त्या मंडळाचा पोलिश जातीचा प्रतिनिधि पॉल स्ट्रझेलेकी यानें पश्चिम आयर्लंडांत शाळांमधून मुलांस भाकरी देण्याची योजना चालविली. १८४८ मध्यें दोन लक्षांहून अधिक मुलांस तिचा लाभ मिळत होता. शाळेंत दिलेलें अन्न मुलाच्या पोटांत जातें, मध्यें कोणी अडवीत नाहीं, हें त्यानें ओळखलें.

क्वेकर पंथाच्या लोकांनीं १८४६ च्या नोव्हेंबरांत डब्लिन येथें मध्यवर्ती साहाय्य समिति स्थापिली आणि सरकारच्या आधीं कित्येक महिने कढया पेटविल्या. त्यांचे प्रतिनिधि विल्यम फॉर्स्टर व जेम्स हॅक ट्यूक हे बर्फांतून पश्चिमेकडील खेड्यांत गेले व त्यांनीं पाहिलेली स्थिति लिहून प्रसिद्ध केली. समितीनें दिलेल्या साहाय्याची किंमत सुमारें २,००,००० पौंड होते. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, विशिष्ट दिवस पवित्र मानून पाळणें या पंथास मान्य नाहीं; उपवासकालही ते पाळीत नसत. व्रत ज्यांनीं पाळलें नाहीं, त्यांनीं व्रताचें फल सर्वांआधीं दिलें.

चॉक्टॉ लोकांचा वृत्तांत याहून हृदयस्पर्शी आहे. इ. स. १८३१ पासूनच्या वर्षांत अमेरिकन सरकारनें या मूळनिवासी जमातीस तिच्या भूमींतून उठवून मिसिसिपीपलीकडे घालविलें, आणि त्या प्रवासांत थंडी, भूक व रोग यांनीं तिचे हजारों लोक मेले. सोळा वर्षांनीं, अजून स्वतः दरिद्री असतां, त्यांनीं स्कलीव्हिल येथील सभेंत १७० डॉलर जमविले. कांहीं ग्रंथांत ७१० असा आंकडा आढळतो; अंकांची अदलाबदल होऊन तो शिरला असावा. आयर्लंडमधील मिडल्टन येथें या दानाचें स्मारक उभारलें आहे. आणि २०२० सालीं महामारीच्या वेळीं आयरिश लोकांनीं अमेरिकेंतील नाव्हाहो व होपी जमातींस मोठ्या प्रमाणावर साहाय्य पाठवून जुन्या ऋणाचा उल्लेख केला.

८. हिंदुस्थानाशीं संबंध

या प्रकरणाचा आपल्या देशाशींही प्रत्यक्ष संबंध आहे. पहिल्याच वर्षीं, १८४६ च्या जानेवारींत, कलकत्ता येथें आयर्लंडसाठीं निधि उघडला गेला. आयर्लंडबाहेरून आलेल्या अगदीं आरंभींच्या साहाय्यांत त्याची गणना होते. सुमारें १४,००० पौंड डब्लिनला गेले. मुंबईहूनही वर्गणी गेली. इंग्रजी सैन्यांतील आयरिश शिपायांबरोबर हिंदी दात्यांचाही तींत भाग होता. विश्वस्तांत डब्लिनचे कॅथलिक व प्रॉटेस्टंट असे दोन्ही आर्चबिशप होते, ही गोष्ट त्या काळच्या मानानें उल्लेखनीय आहे.

दुसरा संबंध कटु आहे. ट्रेव्हेलियन हा तरुणपणीं कंपनी सरकारच्या नोकरींत बंगालमध्यें होता. १८४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत त्यानें आयर्लंडचा दुष्काळ हा ईश्वरी योजनेनें झालेला समाजसुधारणेचा उपाय ठरविला. पुढें १८५९ मध्यें तो मद्रासचा गव्हर्नर, व १८६३ ते १८६५ पर्यंत हिंदुस्थान सरकारचा अर्थसचिव झाला. १८७६-७८ च्या दक्षिणेंतील दुष्काळाच्या वेळीं तो येथें नव्हता. परंतु व्यापारांत हात घालूं नये, मजुरी कमीत कमी द्यावी, फुकट अन्नानें लोक आळशी होतात, हें तत्त्वज्ञान येथें होतें. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यानें मजुराच्या रोजच्या धान्याचें मान एक पौंडावर आणलें. मुंबई इलाख्यांत हजारों मजूर ही मजुरी नाकारून कामांवरून शांतपणें निघून गेले, आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या चालकत्वाखालीं पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवचे वृत्तांत गोळा करून सरकारपुढें ठेविले. आयर्लंडांत क्वेकरांनीं जें लेखनकार्य केलें, तेंच येथें सभेनें केलें. दुष्काळांत खरी माहिती लिहून काढणें हेंही अन्नदानाचें एक अंग आहे, असें या दोन उदाहरणांवरून म्हणतां येईल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, उपवास व भुकेलेल्याचें अन्न यांचा संबंध दुसऱ्या शतकापासून लेखनिविष्ट आहे. तो आधुनिकांनीं जोडलेला नाहीं. दुसरी, तो संबंध आपोआप टिकत नाहीं. सोडलेल्या घांसाचा हिशेब कोणी ठेविला नाहीं, तर त्याचा मनोरा होतो, आरमार होतें, किंवा नुसती एका बुधवारची सुटी होते. तिसरी, १८४७ च्या उपवासकालांत प्रार्थनेनें कित्येकांचे हात सैल केले हें खरें. पण ज्या हातांत सर्वांत मोठी कोठी होती त्यांनीं प्रार्थनेच्या चार दिवस आधीं तिचें दार अर्धें लाविलें. प्रार्थना व्यर्थ गेली असें इतिहासावरून सिद्ध होत नाहीं. दुष्काळास ईश्वरी दंड म्हणून स्वीकारलें कीं मनुष्याच्या हातीं असलेला उपाय दृष्टीआड होतो, एवढें मात्र सिद्ध होतें.

पुढचा वृत्तांत थोडक्यांत देतों. पश्चिम जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनीं कार्डिनल फ्रिंग्स याच्या सूचनेवरून १८५८ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९५८ सालीं, ‘मिसेरिओर’ ही संस्था स्थापिली, व १९५९ च्या उपवासकालीं जगांतील भूक व रोग यांच्याविरुद्ध पहिला निधि जमविला. आयर्लंडच्या बिशपांनीं १९७३ मध्यें ‘ट्रोकेरे’ ही संस्था काढली. त्या आयरिश शब्दाचा अर्थ दया असा आहे. दर उपवासकालीं ही संस्था घरोघर पुठ्ठ्याची एक लहान पेटी देते, आणि घरांतील मंडळी आपल्या खाण्यांतून वांचविलेले पैसे तींत टाकून ईस्टरनंतर ती परत करतात. हर्मासच्या ग्रंथांतील हिशेबाची रीत अठराशें वर्षांनीं आयरिश घराच्या फळीवर येऊन बसली आहे. ज्या घरांतील पूर्वजांनीं १८४७ चा उपवासकाल भोगला, त्या घरांनीं तिचा हिशेब नीट ठेवावा, हें स्वाभाविकच आहे.